यादीतली खोडलेली ओळ

४ फेब्रुवारी

बाबा,

आत्या म्हणाली, फोन वाजला की तुम्ही उठून मागच्या दारी जाता, पण पाकीट आलं तर फोडता. म्हणून पत्र लिहितेय. उत्तर आलंच पाहिजे असं नाही. म्हणजे यायला हवं आहे, पण ते शेवटी सांगते.

आधी कामाबद्दल. ज्या कामावरून तुम्ही घर सोडलंत ते अजून कागदावरच आहे. खड्डा तसाच आहे, फक्त भोवतीच्या पत्र्याला नवा रंग दिलाय. उत्तरेच्या अर्ध्या भागात तीन उंच इमारती येणार, बाविसाव्या आणि एक्केचाळिसाव्या मजल्यावर पुलांनी एकमेकींना जोडलेल्या. जुन्या दोन इमारती जिथे होत्या तिथे मात्र काहीही उभारायचं नाही, फक्त स्मारक. कमरेइतक्या उंचीची लांब दगडी भिंत आणि तिच्यावर तीन ओळींत नावं.

तुम्ही म्हणाला होतात, "तिथे पुन्हा मजले चढवायचे तर चढवा, पण माझ्या घरातून कुणी जायचं नाही." मी म्हणाले होते, तुमच्या परवानगीने शिकले, पण नोकरी परवानगीने करणार नाही. दीड वर्ष झालं. ते वाक्य मला अजून बरोबर वाटतं. ज्या आवाजात म्हणाले तो बरोबर नव्हता.

एवढंच पाहा. चार वर्षांपूर्वी तळघरात स्फोट झाला तेव्हा जुन्या इमारतींत अठराव्या मजल्याच्या वर एकच जिना होता. तो धुराने भरला आणि वरच्यांना रस्ता उरला नाही. आमच्या आराखड्यात प्रत्येक माणसाला दोन वाटा आहेत: आपल्या इमारतीचा जिना, नाहीतर पुलावरून शेजारच्या इमारतीत. पूल एका टोकाला घट्ट बसवलाय आणि दुसऱ्या टोकाला सरकता ठेवलाय, कारण वाऱ्यात दोन इमारती वेगवेगळ्या डुलतात. तुम्हाला हे बघायला आवडेल म्हणून नकाशाची प्रत सोबत ठेवली आहे. आवडणार नसेल तरी बघा.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवरच्या नावांचं काम बाईंनी माझ्याकडे दिलंय. बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य वास्तुविशारद. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा. सहाशे अडतीस नावं आहेत. ३१ मेला यादी बंद होईल आणि दगडाचं काम सुरू होईल. मग एकही नाव वाढवता येणार नाही.

स्मारक समितीच्या मूळ वहीत तीनशे बाराव्या क्रमांकावर तुमचं नाव आहे. लाल रेघेने खोडलेलं, बाजूला 'हयात'. ते आपल्याला माहीतच होतं. आई तेव्हा तुमच्यापुढे कप ठेवताना म्हणायची, "घ्या, सरकारदरबारी वारलेल्या माणसाचा चहा," आणि तुम्ही कधी हसला नाहीत. मी समजत होते, हजेरीपटावर नाव असेल म्हणून चूक झाली. पण वहीत शेवटी एक रकाना आहे, 'आधार'. त्यात लिहिलंय: दक्षिण इमारत, लिफ्टची मशीनरूम, बिल्ला क्रमांक १४, मुख्य स्विचच्या दांड्याला अडकवलेला सापडला.

मी सात वर्षांची असताना तुम्हीच मला हे शिकवलंत. यंत्रात हात घालण्याआधी माणूस आपला पितळी बिल्ला स्विचला अडकवतो. बिल्ला लटकतोय तोवर कुणी वीज चालू करायची नाही, कारण आत माणूस आहे. ज्याने अडकवला त्यानेच तो काढायचा.

त्या सकाळी साडेदहाला, स्फोट झाला तेव्हा, तुम्ही विद्यापीठाच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला होतात, शेजाऱ्यांचा कोट घालून. मग तुमचा बिल्ला कुणी अडकवला?

एवढाच प्रश्न आहे. तिथे कुणी असेल तर त्याचं नाव सहाशे अडतिसांत नाही. मी तीनदा तपासलंय.

तुमची मुलगी


२६ फेब्रुवारी

बाबा,

पाकीट मिळालं. वरचा पत्ता आत्याच्या हातचा होता. आत पत्र नव्हतं, माझाच नकाशा परत आला होता, पण पेन्सिल तुमची. सेहेचाळिसाव्या मजल्यावर जिथे लिफ्टची यंत्रं बसणार आहेत तिथे गोल, आणि खाली: 'इथल्या माणसाला दुसरं दार?'

मी तो नकाशा ऑफिसात नेला. आमचा रचनेचा इंजिनियर आहे, त्याला आम्ही गणित्या म्हणतो. चहात साखर किती हेही तो दशांशात विचारतो. तो म्हणाला, मशीनरूम हा वापराचा मजला धरत नाहीत, नियमाने दुसऱ्या दाराची गरज नाही. बाईंनी विचारलं, "तिथे माणूस असतो का?" मी म्हटलं, रोज, तीन पाळ्यांत. "मग तो मजला आहे," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

बाईंना एक वाक्य लागलं, आम्हाला अडीच आठवडे लागणार आहेत. दुसरं दार म्हणजे दुसरा जिना, जिन्यासाठी पाण्याची टाकी हलवायची, आणि टाकी हलली की गणित्याचे सगळे आकडे पहिल्यापासून. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझ्या वडिलांना यापुढे नकाशे पाठवू नकोस." मी ते कौतुक धरलंय.

पण लाज वाटली. आराखड्याच्या पहिल्या पानावर 'प्रत्येक माणसाला दोन वाटा' हे मी लिहिलंय, माझ्या अक्षरात, जाड पेनाने. आणि ज्या खोलीत माझ्या वडिलांनी बावीस वर्षं काढली ती खोली मोजायची राहिली.

मी न विचारलेल्याचं उत्तर आलं, विचारलेल्याचं आलं नाही. की हेच ते उत्तर? तुम्ही 'मशीनरूमला दुसरं दार' असं लिहिलं नाहीत. 'इथल्या माणसाला' लिहिलंत. कोण होता, बाबा?

तुमची मुलगी


१७ मार्च

बाबा,

पहिल्या पत्रात मी सोंग केलं. प्रश्न विचारला तेव्हा उत्तराचा अंदाज मला होता. तुमच्याकडून यावं म्हणून मी काही माहीत नसल्यासारखं दाखवलं.

हळूकाका. मी लहानपणी त्यांना तेच म्हणायचे, कारण लिफ्ट खाली सोडताना ते वरून "हळू, हळू, बस" असं ओरडायचे आणि आपल्याकडे आले की जिना उतरताना मलाही तेच ऐकवायचे. सगळं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं होतं, हळूकाका ठीक आहेत ना? तुम्ही म्हणालात, तो महिन्यापूर्वीच काम सोडून गावी गेला. मी चार वर्षं त्यांना गावी समजत होते. मनातल्या मनात त्यांना तिथे एक दुकानही काढून दिलं होतं.

शनिवारी त्यांच्या खोलीवर गेले. शिंप्याच्या दुकानावरची तीच खोली. आता तिथे दोन नर्स राहतात. घरमालकीणबाईंनी मला ओळखलं नाही, पण काकांचं नाव काढल्याबरोबर भडकल्या. सांगून जायला त्याला काय झालं होतं, चार वर्षं मी त्याला शिव्या घालतेय, सकाळी डबा घेऊन गेला तो गेलाच, असं सगळं एका दमात. मी विचारलं, कुठली सकाळ? तारीख त्यांना आठवेना. एवढंच आठवत होतं की त्या दिवशी दोरीवरचे सगळे कपडे काजळीने काळे झाले आणि पुन्हा धुवावे लागले.

हे बोलता बोलता त्या थांबल्या. मी काही जोडून दाखवलं नाही, त्यांनीच जोडलं असावं. मग हळूच म्हणाल्या, "पण त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. मग सकाळी का गेला तो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. बाबा, मला माहीत होतं.

खिडकीत काकांच्या चष्म्याचं घर राहिलं होतं, ते घरमालकीणबाईंनी मला दिलं. रिकामं आहे. चष्मा डोळ्यांवर असणार.

समितीत चौकशी केली. काका कंत्राटी. कंत्राटदाराचं ऑफिस त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर, कागद तिथेच, आणि कंत्राटदारही यादीत आहे, चारशे चौथा. जवळचं कुणी नव्हतं, त्यामुळे विचारायला कुणी आलं नाही. विचारायला कुणी आलं नाही म्हणून कुणी हरवलं नाही. समितीचे लिपिक मला म्हणाले, "अहो, मागणी आल्याशिवाय आम्ही माणूस शोधायचा कसा?" चांगले गृहस्थ आहेत. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

तुमची मुलगी


५ एप्रिल

बाबा,

काल आईला सगळं सांगितलं. ती मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. माझं ऐकताना तिने पाय थांबवला नाही, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. अभ्रा संपला, तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं."

"आणि मला का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू तो पदवीचा कागद फाडून टाकला असतास. ओळखतो आम्ही तुला."

"नसता फाडला."

"मग आम्हाला वाईट वाटलं असतं," आई म्हणाली.

मग तिने बाकीचं सांगितलं. तुमच्या साहेबाने रजा दिली नव्हती. पाळी बदलून घ्यायलाही मनाई होती, म्हणून तुम्ही लोक वहीत काही न लिहिता आपसात बदलायचात, आणि बदलीवर येणारा ज्याची पाळी त्याचा बिल्ला वापरायचा. साहेब येऊन हजेरीच्या फळ्यावरचे बिल्ले मोजायचा, माणसं नाही. सगळे करायचे. काकांना ताप होता तेव्हा तुम्ही त्यांचा बिल्ला घेऊन आठवडाभर दोन पाळ्या केल्यात. म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनी कारणही विचारलं नाही. कारण तुम्हीच सांगितलंत, आणि ते म्हणाले, पोरीला पुढच्या रांगेतून बघ.

संध्याकाळी तुम्ही तिथे पोचलात तेव्हा लोकांनी तुम्हाला मिठ्या मारल्या. साहेबाने स्वतः तुमच्या नावावर रेघ मारली आणि रडला. तुम्ही तोंड उघडलं होतंत, असं आई म्हणते. पण माणूस खांद्यावर रडत असताना बोलायचं कसं. दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड झालं, आणि आठवड्याने त्याहून जास्त.

आता माझं. तुम्ही आठ दिवस आधीच म्हणाला होतात, रजा मिळत नाही, तू आईला घेऊन जा. मी म्हटलं, तुम्ही नसाल तर मी व्यासपीठावर चढणारच नाही, घरातली पहिली पदवी आणि बघायला वडीलच नाहीत. आणि दोन दिवस जेवले नाही. खरं तर एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे पोटभर जेवून आले आणि तुम्हाला सांगितलं नाही.

मी दीड वर्ष धरून चालले की मी त्या जागेवर इमारती काढतेय म्हणून तुम्ही गेलात. तुम्ही गेलात कारण मी रोज त्या जागेवर जाणार होते आणि एक दिवस ती वही उघडणार होते. मला वाचवायला घर सोडलंत हे मला कळतं. पटत नाही.

तुमची मुलगी


३ मे

बाबा,

थोडक्यात लिहिते.

नाव वाढवायचं तर ज्याला प्रत्यक्ष माहिती आहे त्याने समितीसमोर बसून जबाब द्यायचा. पत्र चालत नाही. माझं सांगणं ऐकीव, आईचंही. घरमालकीणबाई यायला तयार आहेत, पण त्यांना एवढंच माहीत आहे की माणूस डबा घेऊन गेला. बैठक २४ मेला सकाळी अकरा वाजता. खोली मी तळमजल्यावरची मागून घेतली आहे. लिफ्ट नाही, जिना नाही, रस्त्यावरून सरळ आत.

तुमच्या जुन्या देखभाल कंपनीचा अधिकारी असेल. तुम्ही नियम मोडलात हे तो लिहून घेईल, आणि ते दप्तर कुणालाही वाचता येईल. हे लपवून मी तुम्हाला बोलावणार नाही.

आणखी एक कबूल करते. नावांचे नकाशे मीच काढते. सहाशे अडतीसच्या जागी सहाशे एकोणचाळीस झाले तर मोजणार कोण? हे मी एक पूर्ण दिवस मनात ठेवलं. कुठल्या ओळीत बसेल तेही बघून ठेवलं. मग बाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तो तिथे होता असं होणार नाही. तू त्याला तिथे ठेवलंस असं होईल."

म्हणून आता तुम्हीच. यापुढे मी विचारणार नाही.

तुमची मुलगी


२५ मे

बाबा,

काल तुम्ही आलात आणि चारच्या बसने परत गेलात. समोर जे बोलता आलं नाही ते लिहिते. तुम्ही म्हणाल, पाच तास होते की. होते.

तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसलात आणि पाच वाक्यांत सांगून मोकळे झालात. मी इतक्या रात्री विचार करून तुमच्यासाठी टिपणं काढली होती, ती पर्समध्येच राहिली. कंपनीचा अधिकारी म्हणाला, तो माणूस वर मशीनरूमपर्यंत पोचला होता याला पुरावा काय? तुम्ही म्हणालात, "बिल्ला अडकवलेला सापडला ना? यंत्रात हात घातल्याशिवाय तो बिल्ला अडकवायचा नाही. तसा माणूस होता."

"पण दुसऱ्याचा बिल्ला वापरण्याइतका नियम मोडणाराही होता."

"तो नियम मी मोडला," तुम्ही म्हणालात. "तो माझ्यासाठी आला होता."

मग लिपिकांनी अर्जातले रकाने वाचायला घेतले. अर्जदाराचं नाव. हुद्दा. त्या दिवशी कामावर नसण्याचं कारण. तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "घरगुती काम." ते लिहायला लागले.

मी कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन बसले होते, ऑफिसची नोकर म्हणून. मला बोलायचा अधिकार नव्हता. मी म्हटलं, "पदवीदान समारंभ. माझा. मी अर्जदारांची मुलगी."

लिपिकांनी तुमच्याकडे बघितलं. "काय लिहू?"

"ती म्हणते ते लिहा," तुम्ही म्हणालात. "शिकलेली आहे."

बाहेर कट्ट्यावर तुम्ही मला झापलंत. सरकारी कागदात स्वतःचं नाव कशाला घालून घेतलंस, लोक वाचतील. मी म्हटलं, वाचू देत. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आणि घरगुतीच होतं ते. मी काय खोटं सांगितलं होतं?"

मग तुम्हाला दुसरा जिना बघायचा होता. कट्ट्यावर नकाशा पसरला, एका कोपऱ्यावर तुमची पिशवी आणि दुसऱ्यावर माझी चप्पल. तुम्ही म्हणालात, जिना बाहेरच्या अंगाने काढलाय, तिथे वारा असणार, माणूस खाली बघून गोठेल. हाताला कठडा दोन्ही बाजूंनी द्या आणि बाहेरची बाजू डोक्यापर्यंत झाका. मी ते लिहून घेतलं. आज सकाळी गणित्याला दाखवलं. त्याने डोकं टेबलावर ठेवलं, पण नाही म्हणाला नाही.

घरी आला नाहीत. आईने विचारलं नाही, फक्त म्हणाली, मोजे नवे घातले होते का ते सांग. घातले होते. तिला सांगितलं.

समोर जे बोलता आलं नाही ते हे: मी तो कागद फाडलेला नाही आणि फाडणारही नाही. पण तो एकटीचा म्हणून मला आता भिंतीवर लावता येत नाही. कपाटात आहे. काकांच्या चष्म्याचं घर त्याच खणात ठेवलंय.

निकाल ३० तारखेला.

तुमची मुलगी


१४ जून

बाबा,

निकाल आत्याला फोनवर सांगितला होताच, तरी नीट लिहिते. चार विरुद्ध तीन. विरोधातल्या तिघांत कंपनीचा अधिकारी होता हे अपेक्षित होतं. बाजूने पडलेलं चौथं मत लिपिकांच्या वरच्या साहेबांचं, ज्यांनी पूर्ण बैठकीत एक शब्द उच्चारला नव्हता. यादी सहाशे एकोणचाळिसांची झाली आणि दुसऱ्या दिवशी बंद झाली. दप्तरात तुमच्या नावापुढे 'नियमभंग' असा शेरा आहे. त्याच पानावर कारणही आहे, पूर्ण.

भिंत मापाने कापलेली होती, रिकामी जागा नव्हती. गणित्याने मधल्या ओळीतल्या नावांमधलं अंतर दीड-दीड मिलिमीटरने कमी केलं, की एका नावापुरती जागा निघाली. मला आकडे दाखवताना म्हणाला, "दोनशे बारा जण थोडे थोडे सरकले." मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळला आणि दशांश तपासायला लागला.

जागा कुठली, हे आम्ही स्वतः ठरवत नाही. भिंतीवर नावं वर्णानुक्रमाने नाहीत, हुद्द्यानेही नाहीत. ज्याच्या त्याच्या माणसांना विचारलं, यांच्या शेजारी कोण हवं? कुणी भाऊ मागितला, कुणी एका टेबलावर काम करणारी मैत्रीण. काकांसाठी विचारायला तुम्हीच होतात. मी आत्याकडे निरोप ठेवला, कारण ते वर एकटे होते आणि एकट्या माणसाच्या शेजारी कोण ठेवायचं ते मला कळेना.

मंगळवारी फोन वाजला तेव्हा मी पेन्सिलींना टोक करत होते. जवळजवळ दोन वर्षांनी फोनवर तुमचा आवाज, आणि कशी आहेस वगैरे काही नाही. "खाली लॉबीत टेलिफोनच्या बोर्डावर फोनवाली बसायची. तिच्या शेजारी ठेव. दिवसभर भांडायचे दोघं. लिफ्ट अडकली की ती वर फोन करायची, आणि नाही अडकली तरी करायची." आणि ठेवलात. मी हो म्हटलेलं तुम्हाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. हो.

फोनवाली यादीत सत्याऐंशीवी आहे, मधल्याच ओळीत. तिच्या माणसांची संमती लागते. तिची बहीण वह्या-पेनांचं दुकान चालवते. मी गेले, काकांचं खरं नाव सांगितलं, जे दगडावर येणार ते. मला वाटलं होतं, हे कोण म्हणून विचारतील. बहीण म्हणाली, "हा होय? याच्या तक्रारी ती रोज घरी येऊन सांगायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सांगायची." गिऱ्हाईक थांबवून तिने सही केली. मी कागद घडी घालून निघाले तर तिने मागून हाक मारली.

"एक कराल का? तिला उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. त्याला डावीकडे ठेवा."

ऑफिसात यावर अर्धा दिवस गेला. डावीकडे म्हणजे कुणाच्या? भिंतीसमोर उभं राहणाऱ्याच्या, की तिच्या? गणित्या म्हणाला, नकाशात डावं म्हणजे डावं. मी म्हटलं, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली नाही. शेवटी बाईंना विचारलं. त्या उठून मॉडेलपाशी गेल्या, तीन इमारतींच्या आणि पुलांच्या खाली बोटभर उंचीची ती भिंत आहे, तिच्याकडे वाकून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, नावं आपल्याकडे बघत आहेत असंच धरा.

म्हणजे तिची डावी बाजू ही आपली उजवी. पाथरवटाला काल तसा कागद दिला. तुम्ही आलात तर डावीकडे शोधत बसू नका.

तुमची मुलगी